घरच्या बैठकीत धुडगूस घालणाऱ्यांना मज्जाव करता येतो का?

प्रश्न : साताऱ्यात माझ्या राहत्या घराच्या दिवाणखान्यात मी दर महिन्याला काव्यवाचनाची बैठक घेतो. प्रवेश सर्वांना खुला असून चहापाण्यासाठी वार्षिक २०० रुपये वर्गणी आहे. अलीकडे दोन गृहस्थ वाचन चालू असताना मोबाइलवर गाणी लावतात, वाचणाऱ्या स्त्रियांना टाकून बोलतात आणि हटकल्यास भाषणस्वातंत्र्याचा हवाला देतात. काय करावे?

उत्तर : आपण त्यांना मज्जाव करू शकता. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मधील भाषणस्वातंत्र्यातून दुसऱ्याच्या दिवाणखान्यात ठाण मांडून बसण्याचा हक्क निघत नाही. प्रवेश सर्वांना खुला ठेवला, तरी ती आपण दिलेली परवानगीच असते आणि ती आपण काढून घेऊ शकता. वर्गणी घेतल्यामुळे मात्र उरलेल्या महिन्यांची रक्कम हिशेबाने परत करावी, म्हणजे ‘पैसे घेऊन हाकलले’ असे म्हणायला जागा उरणार नाही.

भारतीय न्याय संहिता, २०२३ चे कलम ३२९ आपल्या कामी येईल. रीतसर आत आलेली व्यक्तीसुद्धा धाक दाखवण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या उद्देशाने बेकायदेशीरपणे तेथेच थांबून राहिली, तर ते फौजदारीपात्र अतिक्रमण ठरते. राहत्या घरात ते घडल्यास एक वर्षापर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. यात उद्देश सिद्ध करावा लागतो, म्हणून परवानगी संपल्याचे आधी लेखी कळवणे महत्त्वाचे. ‘आपणांस माझ्या घरी बैठकीस येण्यास दिलेली परवानगी आजपासून रद्द करीत आहे, यापुढे येऊ नये’ एवढाच मजकूर, तारीख व सही घालून, पोचपावतीसह टपालाने पाठवावा. कारणांचा पाढा वाचू नये. ‘गुंड’, ‘दारुडे’ असली विशेषणे चारचौघांत वापरलीत, तर कलम ३५६ खालील बदनामीची तक्रार आपल्यावरच उलटायची.

त्यानंतरही ते आले, तर साक्षीदारांदेखत बाहेर जाण्यास सांगावे आणि न गेल्यास ११२ वर कळवावे. गचांडी धरून बाहेर काढण्याचा मोह होईल; पण पोलिसांना बोलावण्याइतका अवधी असताना खासगी बचावाचा अधिकार मिळत नाही. चित्रीकरण केले असल्यास मूळ फोन जपून ठेवावा. स्त्रियांना उद्देशून जे बोलले गेले ते त्यांच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या उद्देशाने असेल, तर कलम ७९ लागू होऊ शकते. त्याची फिर्याद मात्र संबंधित स्त्रीने स्वतः दिल्यास अधिक बळकट ठरते.

कवितेला नावे ठेवणारा प्रत्येक श्रोता या कलमांत बसत नाही. वाचन संपल्यावर कोणी परखड टीका केली, तर ती ऐकून घ्यावी, असे माझे मत आहे.

बैठक पुढे नगरपालिकेच्या किंवा वाचनालयाच्या सभागृहात नेणार असाल, तर तेथील परवानगी त्या संस्थेची असेल. त्यामुळे गोंधळ घालणाऱ्यास बाहेर काढण्याचा अधिकार संयोजकास राहील, ही अट आरक्षणाच्या पत्रातच लिहून घ्यावी.