कॉलचे रेकॉर्डिंग : दोन आवाज, दोन ट्रॅक

प्रश्न : इंटरनेट कॉलवर घेतलेली मुलाखत ऑडॅसिटी या मोफत ध्वनिमुद्रण-संपादन प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड केली. माझा आवाज छान आला, समोरच्याचा एक शब्दही नाही. असे का?

कॉलमध्ये आवाजाच्या दोन वाटा असतात. तुमचा आवाज मायक्रोफोनमधून संगणकात येतो. समोरच्याचा इंटरनेटवरून येऊन थेट हेडफोनकडे जातो. ऑडॅसिटी एका वेळी एकाच उपकरणावरून रेकॉर्ड करते. तुम्ही मायक्रोफोन निवडला होता, म्हणून तेवढेच आले. विंडोजवर ऑडॅसिटीत होस्ट म्हणून 'वासापी' (विंडोजची आवाज हाताळण्याची पद्धत) आणि उपकरण म्हणून 'लूपबॅक' (हेडफोनकडे जाणारा आवाजच टिपणे) असे लिहिलेला हेडफोन निवडला तर समोरचा आवाज मिळेल, पण मग तुमचा जाईल. त्यामुळे कॉलसाठी ओबीएस स्टुडिओ (ओबीएस) हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम घ्या. तेही मोफत आहे आणि दोन्ही वाटा एकदम टिपते. ऑडॅसिटी नंतरच्या काटछाटीसाठी ठेवा.

प्रश्न : ओबीएसमध्ये दोघांचे आवाज वेगवेगळे ठेवता येतात का? तेवढा खटाटोप करावा का?

येतात, आणि जरूर करावा. समोरचा महत्त्वाचे बोलत असताना तुम्हाला खोकला आला आणि दोन्ही आवाज एकाच ट्रॅकवर (फाइलमधल्या आवाजाच्या एकाच थरावर) असले, तर तो खोकला शब्दांपासून वेगळा काढणे जवळपास अशक्य असते. वेगळे ट्रॅक असतील तर तुमच्या ट्रॅकचा तेवढा तुकडा शांत केला की झाले. एकाचा आवाज बारीक, दुसऱ्याचा मोठा असेल तर तोही असाच सावरता येतो.

सेटिंग्जमध्ये 'आउटपुट' उघडून मोड 'ॲडव्हान्स्ड' करा. 'रेकॉर्डिंग'च्या पानावर ट्रॅक १, २ आणि ३ वर खूण करा. मग ऑडिओ मिक्सरमधून 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज' उघडा. तिथे मायक्रोफोनला १ आणि २, डेस्कटॉप ऑडिओला (संगणकातून ऐकू येणाऱ्या, म्हणजे समोरच्याच्या आवाजाला) १ आणि ३ द्या. बाकीच्या खुणा काढा. ट्रॅक १ वर दोघांचे मिश्रण राहते, ते लगेच ऐकायला उपयोगी.

फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तर सगळी फाइल निकामी होऊ शकते. एमकेव्हीत तोवरचे रेकॉर्डिंग वाचते. ही फाइल ऑडॅसिटीत उघडायला एफएफएमपेग लायब्ररी (अशा फाइली वाचणारा जोड-प्रोग्रॅम) बसवावी लागते. बोलताना मिक्सरची पट्टी पिवळ्या भागात, म्हणजे उणे २० ते उणे ९ डेसिबलमध्ये खेळली पाहिजे. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

प्रश्न : सगळे असेच केले, तरी डेस्कटॉप ऑडिओची पट्टी हलतच नाही. हेडफोनमध्ये मात्र ऐकू येते.

विंडोजमध्ये 'डीफॉल्ट' उपकरण एक आणि संभाषणासाठीचे 'डीफॉल्ट कम्युनिकेशन' उपकरण दुसरे असू शकते. कॉलचा प्रोग्रॅम दुसऱ्याकडे आवाज पाठवतो, ओबीएस पहिल्यावर कान लावून बसते. कॉलचा प्रोग्रॅम आणि ओबीएस, दोन्हीकडे 'डीफॉल्ट' न ठेवता त्याच हेडफोनचे नाव निवडा. मग मिनिटभराचा चाचणी कॉल करून फाइल उघडून ऐका; पट्टी हलते म्हणून निश्चिंत राहू नका.

सूचनांची टिंगटिंग टाळायची असेल तर विंडोजवर 'ॲप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर' हा स्रोत जोडून फक्त कॉलचा प्रोग्रॅम निवडा. तेव्हा डेस्कटॉप ऑडिओ बंद करायला विसरू नका, नाहीतर समोरचा आवाज दुहेरी येईल.

प्रश्न : समोरच्याचा आवाज घुमतो. ब्लूटूथ हेडफोन लावला तर घुमणे थांबते, पण आवाज जुन्या टेलिफोनसारखा येतो.

घुमण्याचे कारण स्पीकर. त्यातून निघालेला आवाज तुमच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि किंचित उशिरा दुसऱ्यांदा नोंदला जातो. म्हणून कानाला हेडफोन हवाच. पण बऱ्याच ब्लूटूथ हेडफोनचा मायक्रोफोन सुरू झाला की जोडणी हँड्स-फ्री पद्धतीवर जाते. तिथे आवाजाचे नमुने सेकंदाला ८ किंवा १६ हजारच घेतले जातात. एरवी ते ४४.१ किंवा ४८ हजार असतात. तारेचा हेडसेट वापरा. तो नसेल तर ऐकायला ब्लूटूथ आणि बोलायला लॅपटॉपचाच मायक्रोफोन निवडा.

प्रश्न : लिनक्सवर लूपबॅक सापडत नाही.

तिथे नाव वेगळे आहे. प्रत्येक आउटपुटला 'मॉनिटर' नावाचा जोडीदार असतो. रेकॉर्डिंग सुरू करून 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' या प्रोग्रॅमच्या रेकॉर्डिंग टॅबमध्ये तो निवडा.

प्रश्न : तासाभराच्या कॉलला जागा किती लागेल?

१६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो वेव्ह फाइल तासाला सुमारे ३१८ मेगाबाइट होते. स्टिरिओ असेल तर दुप्पट. ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ किलोबिट) मोनो एमपी३ सुमारे २९ मेगाबाइट. संपादन वेव्हमध्ये करा, एमपी३ अगदी शेवटी बनवा, कारण दर वेळी एमपी३ करताना आवाजाचा थोडा भाग कायमचा जातो.

प्रश्न : समोरच्याला सांगावे लागते का?

सांगाच. काही देशांत एकाची संमती पुरते, काही ठिकाणी सर्वांची लागते, आणि दोघे वेगळ्या देशांत असतील तर दोन्हीकडचे कायदे लागू होऊ शकतात. आधी विचारा, होकार मिळाला की रेकॉर्डिंग सुरू करा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारून होकार रेकॉर्डिंगमध्येही येऊ द्या.