घरचं विचारा : घट, खिरापत आणि रजया

पितृपक्ष सरत आला की नाशिकच्या घराघरांत एकदम गडबड उडते. माळ्यावरचे डबे खाली येतात, मुलांची सहामाही तोंडावर आलेली असते आणि ‘आई, या वेळी मी करणार’ म्हणणारे मदतनीस पायात पायात येतात. या वेळच्या पत्रांत हे मदतनीसच जास्त आहेत.

प्रश्न : गेल्या वर्षी नवरात्रात आमच्या घटातलं धन, म्हणजे घटाभोवती पेरलेलं धान्य, चौथ्या माळेलाच कुजलं. धाकटा सहा वर्षांचा आहे. ‘देवीला तहान लागलीय’ म्हणत दर तासाला फुलपात्र घेऊन हजर! त्याला रागवावंसंही वाटत नाही. काय करावं? (पंचवटी)

रागवू नका, त्याच्या हातातलं फुलपात्र तेवढं बदला. पण आधी घट कसला आहे ते पाहा. मातीचा असेल तर तो पाझरतो आणि त्याच ओलीवर भोवतालचं धान्य उगवतं. नवीन घट पहिले दोन-तीन दिवस जास्तच पाझरतो. त्यात वरून फुलपात्रं ओतली की मातीतली हवा निघून जाते आणि दाणा गुदमरून सडतो. तांब्याचा कलश पाझरत नाही, तिथे मात्र वरून पाणी द्यावंच लागतं. शेजारणीच्या घरी तांब्याचा कलश आणि आपल्याकडे मातीचा घट असेल, तर तिचा पाण्याचा अंदाज आपल्याला लागू पडत नाही.

फूटभर रुंदीची टोपली किंवा परडी घ्या. खाली पत्रावळ अंथरा, पण तिला चार-पाच भोकं पाडा आणि टोपलीखाली ताट ठेवा. प्लॅस्टिकचा कागद घालू नका, पाणी तिथेच साचतं. चाळलेली माती दोन इंच भरा. नुसती काळी माती ओली झाली की चिखल होते आणि वाळली की तडकते, म्हणून तीन वाट्या मातीला एक वाटी बारीक वाळू किंवा जुनं शेणखत मिसळा. माती मळ्यातून आणणार असाल तर तिथे तणनाशक मारलेलं नाही ना, एवढं विचारून घ्या. तणनाशकाच्या मातीत धान्य उगवतं आणि पिवळं पडून बसतं, किंवा उगवतच नाही.

एवढ्या टोपलीला पाऊण वाटी, म्हणजे साधारण शंभर ग्रॅम गहू पुरे. सप्तधान्य पेरत असाल तरी निम्मा भाग गव्हाचा ठेवा. तांदूळ आणि डाळ उगवत नाही, साळ आणि अख्खं कडधान्यच हवं. आदल्या रात्री धान्य सहा ते आठ तास भिजवा. मग पाणी निथळून पेरा आणि वरून अर्धा इंच माती भुरभुरवा. दाणे एकावर एक आले की मधले कुजतात, आणि कुजका वास तिथूनच सुरू होतो.

आता धाकट्याचं काम. त्याला फवारणीची छोटी बाटली द्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, प्रत्येक वेळी दहा फवारे, मोठ्याने मोजून. तांब्याच्या कलशाला याशिवाय रोज अर्धी वाटी पाणी कडेकडेने घाला. फवारण्याआधी बोट मातीत पेरभर खुपसायचं. माती बोटाला चिकटली तर त्या वेळी सुट्टी. मुलांना हा पहारा मनापासून आवडतो.

तिसऱ्या दिवशी मुळांवर पांढरी लव दिसली की घाबरून धन उपटू नका. फवारा मारल्यावर ती लव दिसेनाशी झाली तर ते मुळांचे केस आहेत. जाळ्यासारखी मातीवर पसरली, तशीच राहिली आणि कुबट वास आला तर बुरशी. तेवढा भाग चमच्याने काढा, पाणी एक दिवस बंद करा आणि खोलीची खिडकी उघडी ठेवा. धन पिवळं का, हेही तो विचारणारच. देवघरात उजेड कमी, म्हणून पानात हरितद्रव्य तयार होत नाही. एका वाटीत थोडे गहू खिडकीत पेरून द्या, दसऱ्याला दोन्ही शेजारी ठेवून त्याला फरक दाखवता येईल. आणि टोपीत खोवायचा तुरा आधी त्याच्या टोपीत जाऊ द्या.

प्रश्न : मुलीच्या भोंडल्याला पंचवीस जणी येतात. डबा हलवून आवाजावरून खिरापत ओळखतात. ‘आई, कुणालाच येणार नाही असं काहीतरी कर,’ असा हुकूम आहे. (इंदिरानगर)

वाटली डाळ करा. मुली वेफर्स, चिवडा, केक, भेळ असं म्हणत सुटतात आणि डाळ त्यांच्या यादीतच नसते. शिवाय डबा कितीही हलवला तरी ती वाजत नाही.

पंचवीस जणींना अर्धा किलो हरभरा डाळ लागते. भिजून ती जवळपास दुप्पट होते. पाच तास भिजवा आणि चाळणीत अर्धा तास निथळू द्या. हे निथळणं टाळू नका, डाळीत पाणी राहिलं की वाटण चिकट होतं आणि गोळे सुटत नाहीत. मुलींसाठी चार-पाच हिरव्या मिरच्या, बोटभर आलं आणि चमचाभर जिरं घालून, पाणी न घालता, थांबून थांबून भरड वाटा. कढईत परतायची तर वाटीभर तेल लागतं. त्यापेक्षा वाटण मोदकपात्रात पंधरा मिनिटं वाफवा, गार करून हाताने मोकळं करा आणि अर्ध्या वाटी तेलाच्या फोडणीत दहा मिनिटं परता. कच्चट चवही राहत नाही. मीठ, दोन चमचे साखर आणि अर्ध्या नारळाचा चव परततानाच घाला, लिंबू मात्र गॅस बंद केल्यावर.

दोन गोष्टींनी गुपित फुटतं. हिंगाची फोडणी जिन्यापर्यंत जाते, म्हणून ती मुली यायच्या तासभर आधी उरका. आणि गरम डाळीवर झाकण लावलं की वाफेचं पाणी पडून ती आंबते. ताटात पसरून पूर्ण गार करा, मगच डबा भरा. या उन्हात सकाळी केलेली डाळ संध्याकाळपर्यंत ठेवू नका, दुपारी तीननंतरच करायला घ्या.

प्रश्न : रजया, शाली बाहेर काढल्या तर कुबट वास. धुवायलाच हव्यात का? (सिडको)

काळे ठिपके नसतील तर नकोत. वास पावसाळ्यात धरलेल्या ओलीचा असतो. सलग दोन दिवस, दहा ते तीन, कडक ऊन द्या. दर तासाला बाजू बदला आणि दुपारी काठीने झोडपा. शाली, लोकर आणि गडद रंग पातळ चादरीखाली वाळवा, नाहीतर रंग उडतो.

चूक पुढे होते. उन्हातून उचललेली गरम रजई तशीच घडी घालून कपाटात कोंबली की ती गार होताना आतल्या हवेतलं बाष्प सुटतं आणि तोच वास परत येतो. घरात तासभर पंख्याखाली पसरा, मग घडी घाला. घडीत कडुनिंबाचा पाला ठेवणार असाल तर तो चुरचुर वाजेल इतका वाळलेला हवा. घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या कपड्यांत आणि दुपट्यांत डांबरगोळ्या अजिबात नकोत. काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी त्याने फुटतात आणि कावीळ होते.

प्रश्न : सकाळी शाळेला जाताना गारवा, दुपारी घामाच्या धारा. स्वेटर द्यावा का? (गंगापूर रोड)

एवढ्यात नको. पुढून उघडणारं पातळ जॅकेट द्या, मुलांना ते स्वतः काढता येतं. त्यावर नाव लिहा. पाण्याची बाटली मात्र मोठी द्या.

प्रश्न : कोजागरीला घरातले पुरुष सप्तशृंगगडावर जातात आणि गच्चीवर आम्ही बायका-मुलं मिळून दहा जण असतो. मसाला दूध दरवर्षी तळाला लागतं, आणि मुलं बारापर्यंत जागत नाहीत. (मखमलाबाद)

दहा जणांना दोन लिटर म्हशीचं दूध घ्या. जाड बुडाचं पातेलं पाण्याने विसळा, पुसू नका, आणि ओल्या पातेल्यातच दूध ओता. उकळी आली की मंद आचेवर अर्धा तास, दीड लिटर होईपर्यंत आटवा. उलथन्याने तळ खरवडत राहा, नुसतं वरून ढवळून उपयोग नाही. बदाम-पिस्त्यांची पूड सुरुवातीला घातली की तीच तळाशी बसून करपते. ती, दीडशे ग्रॅम साखर आणि सहा-सात वेलच्यांची पूड शेवटच्या पाच मिनिटांत घाला, जायफळ चिमूटभरच. लागलंच तर तळ खरवडू नका, वरचं दूध अलगद दुसऱ्या भांड्यात काढा.

मुलांसाठी बाराची वाट पाहू नका. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, नऊला तो गच्चीवर चांगला वर आलेला असतो. त्यांचं दूध तेव्हाच पसरट वाडग्यात ओता, फेस बसू द्या आणि साय धरायच्या आत त्यांना चंद्राकडे तोंड करून वाडग्यावर वाकायला सांगा. वाडगा हलला नाही तर चंद्र दुधात नीट दिसतो.