जुनी विंडोज नव्या मशीनवर चालेल का?

प्रश्न : ताई, मुलगी इंजिनिअरिंगला गेली म्हणून आम्ही बापलेकीने पुण्याहून सुटे भाग आणून घरीच नवा कॉम्प्युटर जोडला. जुन्या असेंबल्ड मशीनवर २०१९ साली विकत घेतलेली विंडोज १० प्रो आहे, खोकं आणि पावती जपून ठेवली आहे. दुकानदार म्हणतो, नवं मशीन म्हणजे नवी विंडोज. पुन्हा पैसे भरायचे का? – एक वाचक, कराड

उत्तर : जुनं मशीन अजून चालू होतंय ना? मग त्याचा एकही स्क्रू काढू नका. तुमचं उत्तर त्याच्यातच आहे.

ते सुरू करा. स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप करून काळी खिडकी उघडा. तिथे एस-एल-एम-जी-आर ही पाच अक्षरं सलग, एक स्पेस, फॉरवर्ड स्लॅश आणि त्याला चिकटून डी-एल-आय असं लिहून एंटर दाबा. जरा वेळाने एक छोटी चौकट येईल. तिच्यात 'ओईएम' (म्हणजे मशीन बनवणाऱ्यांसाठीची प्रत) दिसलं, तर ते लायसन्स पहिल्या मदरबोर्डाशी बांधलेलं आहे, नव्या मशीनवर नेता येत नाही. 'रिटेल' असेल तर ते तुमचं आहे. एका वेळी एकाच मशीनवर, एवढीच अट.

पण तेवढ्यावर थांबू नका. विंडोज ७ वरून फुकटात १० वर गेलेल्या मशीनवरही 'रिटेल' असंच दिसू शकतं. म्हणून त्याच चौकटीत कीची, म्हणजे लायसन्सच्या कोडची, शेवटची पाच अक्षरं असतात, ती खोक्यातल्या पंचवीस अक्षरी कीशी ताडून बघा. जुळली की निर्धास्त व्हा.

हे मी पोळल्यावर शिकले. २०१८ मध्ये माझ्या क्लासचं एक मशीन बदललं, जुना बोर्ड भंगारात दिला आणि मग की टाकली. चालेना. खोकं उलटंपालटं केलं, तर खालच्या कडेला बारीक अक्षरांत ओईएम छापलेलं. बिलावर नुसतं 'विंडोज', आणि देणाऱ्याने फरक सांगितला नव्हता. स्वस्त का मिळालं, हे तेव्हा कळलं. गिऱ्हाइकाला हे विकतानाच सांगायला हवं, असं मला आजही मनापासून वाटतं.

तुमचं रिटेल निघालं, तर जुन्या मशीनवर सेटिंग्जमध्ये जाऊन लायसन्स तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घ्या. नंतर त्याच काळ्या खिडकीत, या वेळी ती अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून, डी-एल-आयच्या जागी यू-पी-के लिहा. त्या मशीनवरची की निघेल. नव्यावर मात्र विंडोज ११ प्रोच टाका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि १० प्रोची की ११ प्रोला चालते. ११ होमला ती चालणार नाही, प्रोची की प्रोलाच. इन्स्टॉल करताना टीपीएमची (सुरक्षेच्या चिपची) तक्रार आली तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, तो बहुधा बंद असतो, चालू करा.

की टाकूनही अ‍ॅक्टिव्हेट झालं नाही, तर सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट आहे. त्यात 'नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडून त्याच अकाउंटने लॉगिन करा आणि यादीतून जुनं मशीन निवडा. तिथे मशीनचं नाव दिसतं, म्हणून जुन्याला आजच ओळखू येईल असं नाव देऊन ठेवा.