आई विड्या वळते, वडील लूमवर, बहिणीला इंजिनिअरिंगला घालायचंय: सरकारी मदत नेमकी कुठनं अन् कशी मिळते?

तुम्ही विचारलंय की घरी पद्मशाली, आईचं विडी कामगार कार्ड आहे, वडील एमआयडीसीत लूमवर, बहिणीची सीईटी झाली, आता सगळे म्हणतायत मुलींना शिक्षण फुकट झालंय, तर खरंच फी लागत नाही का आणि आत्ताच पतसंस्थेतनं कर्ज काढून ठेवावं का. मी इथंच सोलापुरात एका कॉलेजात स्कॉलरशिपच्या टेबलावर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कर्जाचं. पतसंस्थेत आत्ता अजिबात जाऊ नका. आधी फीमाफी, मग रोख मदत, आणि एवढं करूनही कमी पडलं तरच बँकेचं शैक्षणिक कर्ज, या क्रमानं चला. बरेच पालक घाबरून उलटं करतात, ॲडमिशनच्या आधीच व्याजानं पैसे उचलतात आणि मग जी फी माफच होणार होती तिच्यासाठी वर्षानुवर्षं हप्ते भरत बसतात, हे बघून फार वाईट वाटतं हो.

आता 'मुलींना फुकट' म्हणजे काय ते बघा. जुलै २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला, त्यात ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) मुलींना व्यावसायिक कोर्सची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत पाहिजे. पण तुम्ही पद्मशाली म्हणजे एसबीसी, विशेष मागास प्रवर्ग, आणि एसबीसीला ही शंभर टक्के माफी आधीपासूनच आहे, मुलगा असो का मुलगी. (ओबीसीच्या मुलाला मात्र निम्मीच मिळते, म्हणून मित्राच्या घरचं ऐकून आपला हिशोब लावू नका.) कागदांच्या आधी एक अट फार महत्त्वाची, ॲडमिशन कॅप राऊंडमधनंच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतनंच झालं पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातनं किंवा संस्था स्तरावर (थेट कॉलेजकडनं) सीट घेतली की माफी गेली. शेवटच्या राऊंडनंतर कोणी एजंट फोन करून 'चांगली ब्रँच देतो' म्हणला तर हे लक्षात ठेवा. आणि माफी शिकवणी अन् परीक्षा फीची आहे, डेव्हलपमेंट फी आणि बाकीची फुटकळ फी भरावी लागते, म्हणून कॉलेजकडनं फीचा पूर्ण तक्ता लेखी मागून घ्या, तोंडी आकड्यावर जाऊ नका.

सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती जात वैधतेवर, म्हणजे व्हॅलिडिटीवर, आणि आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात तर जास्तच. एसबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून घराणं महाराष्ट्रात राहतंय आणि जात हीच आहे हे दाखवावं लागतं. आपली बरीच घरं तेलंगणातनं मागावर काम करायला आलेली, आजोबा इथं आले कधी याचा कागदच नसतो. तर शोधायचं कुठं? आजोबा किंवा त्यांचे सख्खे भाऊ ज्या शाळेत दोन-चार यत्ता शिकले तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा, ज्यात जातीचा रकाना भरलेला असतो, हा सगळ्यात चांगला पुरावा. ते नसलं तर महापालिकेतली जुनी जन्म-मृत्यू नोंद, घराची जुनी टॅक्स पावती, आजोबा मिलमध्ये असतील तर तिथलं नोकरीचं काहीही जुनं कागदपत्र. चुलत्यांपैकी कोणाकडं आधीच व्हॅलिडिटी असेल तर निम्मं काम झालं, वंशावळ जोडून तीच लावता येते, त्यामुळं आज रात्रीच सगळ्या चुलत्यांना फोन करा. निकाल यायला वेळ लागतो, कॅपला तात्पुरती अर्जाची पावती चालते पण दिलेल्या मुदतीत मूळ सर्टिफिकेट आलं नाही की सीट ओपनमध्ये धरतात आणि फीमाफीपण जाते.

बाकी कागद म्हणजे तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमी लेयर (पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं पाहिजे), डोमिसाईल, रेशन कार्ड. निकालानंतर सेतूत आणि महा ई-सेवा केंद्रात तोबा गर्दी होते, जे राहिलंय ते आत्ताच टाका.

ॲडमिशन झालं की महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरायचा, आपोआप काहीच होत नाही, आणि दरवर्षी रिन्यूअल करायचं. अर्ज भरून प्रिंट आणि कागद कॉलेजात देऊन पुढं पाठवलाय का विचारायचं, कॉलेजच्या लॉगिनला पडून राहिलेले अर्ज मी ढिगानं बघितलेत. पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, आणि इथं एक गंमत नाही तर मोठी अडचण होते: खात्याला आधार नुसतं लिंक असून भागत नाही, डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) ते खातं आधारला सीड, म्हणजे नोंदवलेलं, असावं लागतं, आणि सगळ्यात शेवटी ज्या बँकेत सीड केलं तिथंच पैसे जातात. एका पोरीनं मोबाईल दुकानात सिम घेताना पेमेंट बँकेचं खातं उघडलं होतं, तिला माहीतच नव्हतं, स्कॉलरशिप तिथं जाऊन बसली अन् घरचे इकडं स्टेट बँकेचं पासबुक भरून बघतायत. म्हणून बहिणीला सांगा की वर्षभर नवीन खातं उघडू नको. आणि फीचे पैसे तिच्या खात्यात आले तर ते कॉलेजला भरायचे असतात, घरखर्चात गेले तर पुढच्या वर्षी फार त्रास होतो.

रोख मदतीत तुमच्यासाठी खास म्हणजे विडी कामगारांच्या मुलांची केंद्राची योजना, कामगार मंत्रालयाची. साध्या डिग्रीला वर्षाला ६,००० आणि इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला २५,००० रुपये, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. आईचं ओळखपत्र आणि निदान सहा महिन्यांचं काम लागतं. उत्पन्नाची मर्यादा इथं बरीच कमी आहे. पण ही घेताना दुसरी शिष्यवृत्ती चालत नाही, म्हणून आधी शिकवणी फी किती ते बघा, ती पंचवीस हजारापेक्षा जास्त असली (खाजगी इंजिनिअरिंगला असतेच) तर महाडीबीटीचीच घ्या. धाकटी भावंडं बीकॉम, बीएस्सीला असतील तर त्यांच्यासाठी ही विडीची योजना नक्की बघा. बांधकाम कामगार मंडळाचीपण मदत असते, नोंदणी चालू असेल तर इंजिनिअरिंगला वर्षाला ६०,००० देतात, पण ती बांधकामावर काम करणाऱ्यांच्या पोरांना, लूमवाल्यांना नाही. कोणी पैसे घेऊन नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचं खोटं पत्र करून देतो म्हणला तर नको म्हणा.

नंबर पुण्याला लागला आणि सरकारी हॉस्टेल मिळालं नाही तर सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती), एसबीसीसाठी, पुण्यात वर्षाला ६० हजारापर्यंत. जागा मर्यादित असतात, मार्कांवर निवड होते.

एवढं करून कमी पडलं तर राष्ट्रीयीकृत बँक. साडेसात लाखापर्यंत तारण लागत नाही, उत्पन्न साडेचार लाखाच्या आत असेल तर कोर्स आणि पुढचं एक वर्ष यांचं व्याज सरकार भरतं. मॅनेजर घर गहाण मागायला लागला तर क्रेडिट गॅरंटीचं (सरकारच्या कर्जहमी योजनेचं) नाव काढा आणि नकार लेखी द्या म्हणा.

आजोबांच्या शाळेचा काही पत्ता लागला तर शाळेचं नाव आणि अंदाजे साल इथं लिहा, उताऱ्यासाठी अर्ज कसा लिहायचा ते मी सांगतो.