उन्हात काळा होणारा चष्मा मे महिन्यात फिका का?

प्रश्न : माझ्या चष्म्याच्या प्लॅस्टिकच्या काचा उन्हात आपोआप काळ्या होतात, परंतु सोलापुरात मे महिन्याच्या भर दुपारी त्या जानेवारीतल्या सकाळपेक्षा फिक्या दिसतात. त्या बिघडल्या असतील का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, आणि त्यामागे बिघाड असेलच असे नाही. अशा काचांत बहुधा नॅफ्थोपायरान वर्गातील रेणू असतात. सावलीत या रेणूतील अणूंचे एक कडे (वलय) बंद असते व तो दृश्य प्रकाश जवळजवळ शोषत नाही. अतिनील किरण पडताच कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातील एक बंध तुटून कडे उघडते, रेणू बराचसा सपाट होतो, त्यातील एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी लांबते, त्यामुळे तो दृश्य प्रकाश शोषू लागतो आणि काचेला रंग चढतो. खरी गंमत पुढे आहे. उघडलेले कडे उष्णतेमुळे आपोआप मिटते, आणि तापमान वाढेल तसे अधिक वेगाने मिटते. त्यामुळे पारा ४० अंशांपुढे गेला की, अतिनील किरण मुबलक असूनही, कोणत्याही क्षणी उघडे असलेले रेणू कमीच असतात. खात्री करायची असल्यास चष्मा थंड पाण्याच्या काचेच्या भांड्यात बुडवून उन्हात ठेवावा. तो चांगलाच गडद होईल. मोटारीत मात्र समोरची काच बहुतांश अतिनील किरण अडवते, म्हणून तेथे तो फिकाच राहतो. वर्षानुवर्षांच्या वापराने काही रेणू कायमचे निकामी होतात. तेव्हा थंड पाण्यातही रंग चढला नाही, तर काचा बदलाव्यात.