वॉकच्या आधी बोलणं

प्रिय बाळा,

सौंदर्यस्पर्धेच्या स्टेट राऊंडला तुझं सिलेक्शन झालं हे वाचून इतका आनंद झाला की काय सांगू! तू विचारलंस, ताई आता वॉकवर जास्त मेहनत घेऊ की डाएटवर? दोन्ही कर गं, पण मला तुझ्या बोलण्याची जास्त काळजी आहे.

आपण टीव्हीवर मिस युनिव्हर्सची फायनल बघतो ना, तोपर्यंत बरंच काही ठरून गेलेलं असतं. काही दिवस आधी जजेस बंद खोलीत प्रत्येकीशी बोलतात, प्रिलिमिनरीत, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेरीत, स्विमसूट आणि गाऊन होतो आणि त्यावरून पुढे जाणाऱ्या मुली निवडतात, म्हणजे ज्या इंटरव्ह्यूवर एवढं अवलंबून असतं तो लोकांना दिसतच नाही.

मधु सप्रेचं नाव ऐकलंयस का? आपली मराठी मुलगी, खेळाडू, १९९२ ला बँकॉकला मिस युनिव्हर्समध्ये तिसरी आली. देशाची नेता झालीस तर पहिल्यांदा काय करशील असं तिला विचारलं आणि ती म्हणाली, खेळासाठी चांगलं स्टेडियम बांधेन. त्या उत्तराने मुकुट गेला असं लोक अजून म्हणतात, गरिबीवर बोलायला हवं होतं म्हणे. मला नाही पटत. मैदानावर वाढलेल्या मुलीने मैदानच मागितलं, याहून खरं उत्तर कुठलं? तुझ्यावर तशी वेळ आली तर तूही तुझं खरं तेच सांग, फक्त त्यामागचं कारण पहिल्याच वाक्यात येऊ दे, की आमच्याकडे आठवीनंतर मुलींचं मैदानावर जाणंच बंद होतं, म्हणून मला आधी मैदान हवंय. एवढं बोललीस की समोरच्याला तुझं गाव दिसतं.

त्यासाठी रोज मोबाईलवर टायमर लाव, अर्धा मिनिट, आणि आधी मराठीत बोल. विचार पक्का झाला की मग इंग्रजीत. पाठ केलेलं उत्तर लगेच कळतं, डोळे वर जातात आणि आवाज एकाच पट्टीत अडकतो. आणि इंग्रजी कच्चं म्हणून स्वतःला कमी समजू नकोस, मिस युनिव्हर्सच्या स्टेजवर कितीतरी जणी इंटरप्रिटर घेऊन आपल्या भाषेत उत्तर देतात.

आता पैशाचं. गाऊनसाठी कर्ज काढायचं नाही, आईचे दागिने तर अजिबात नाही. सुष्मिता सेनने १९९४ ला मिस इंडियाच्या वेळी दिल्लीच्या सरोजिनी नगर मार्केटमधून कापड आणलं, साध्या टेलरकडून गाऊन शिवून घेतला, हातमोजे तर पायमोज्यांचे केले होते, आणि त्याच वर्षी मनिलाला ती मिस युनिव्हर्स झाली. फिटिंग नीट हवं, बस. गाऊनची खालची कड हील्स घालूनच मोजून घे, नाहीतर स्टेजवर वळताना टाच अडकते. आणि प्रॅक्टिस त्याच हील्सवर, गुळगुळीत फरशीवर कर.

कॉलेज सोडायचा विचार करतेयस असं तू शेवटी एका ओळीत लिहिलंयस. नको गं. रीटा फारिया, मूळची गोव्याची, मुंबईत मेडिकलला होती तेव्हा १९६६ मध्ये मिस वर्ल्ड झाली, तो किताब जिंकणारी आशियातली पहिलीच, आणि वर्षभराने परत पुस्तकं उघडून डॉक्टर झाली. आणि घाई कशाची? मिस युनिव्हर्सने २०२४ पासून वयाची वरची अटच काढून टाकलीय, त्याआधी २८ च्या पुढे दार बंद होतं.

अजून एक, कुणीही काँट्रॅक्ट पुढे केलं तर तिथल्या तिथे सही करू नकोस. किती वर्षांचं आहे, कमिशन किती, बक्षिसाचे पैसे कोणाकडे जाणार, हे वकिलाकडून वाचून घे, ओळखीचा कुणी नसेल तर मला पाठव, मी दाखवते. आणि या रविवारी तीन प्रश्नांची उत्तरं रेकॉर्ड करून पाठव, मराठीतच, प्रश्न तूच निवड.

तुझी,
ताई