चांदीच्या आयनांनी काच पिवळी का पडते?

तुमचा प्रश्न असा : साध्या मायक्रोस्कोप स्लाइडवर वेव्हगाइड (काचेत प्रकाश वाहून नेणारी वाट) करायला ती वितळलेल्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवली, काच पारदर्शक राहायला हवी होती, पण पिवळी पडली. का?

काचेतला सोडियम बाहेर आला आणि त्याच्या जागी चांदीचा आयन बसला, इथपर्यंत सगळं ठीक. हा आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला अणू, बिनरंगी असतो. अपवर्तनांक (काच प्रकाशाला किती मंदावते याचं माप) वाढवायचं काम तोच करतो, आणि त्यामुळेच प्रकाश त्या वाटेत अडकून राहतो. रंग येतो तो आयनाला इलेक्ट्रॉन मिळून धातूची चांदी झाली आणि तिचे नॅनोकण जमले की. स्लाइड यूव्ही-व्हिजिबलला (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्राला) लावून बघा. 410-420 नॅनोमीटरच्या आसपास शोषणाचं शिखर दिसलं तर कारण हेच. युरोपातल्या चर्चच्या खिडक्यांत 14व्या शतकापासून पिवळा रंग असाच आणतात. त्यांना तो हवा होता, तुम्हाला नकोय, कारण तो प्रकाश खातो.

आता इलेक्ट्रॉन दिला कुणी? माझा पहिला संशय कथिलावर. फ्लोट काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनते, त्यामुळे तिच्या एका बाजूत कथिल मुरलेलं असतं आणि ते चांदीच्या आयनाला लगेच इलेक्ट्रॉन देतं (क्षपित करतं). अंधारात 254 नॅनोमीटरचा यूव्ही दिवा धरा (चष्मा लावून!), कथिलाची बाजू दुधाळ चमकते. वेव्हगाइड दुसऱ्या बाजूला करा. शिवाय बोटांचा तेलकटपणा, जास्त तापमान, धातूचं भांडं हेही रंग आणतात.

शुद्ध सिल्व्हर नायट्रेट वापरूच नका. ते सोडियम नायट्रेटमध्ये एक मोल टक्का (कणांच्या संख्येत शंभरात एक) किंवा त्याहूनही कमी घाला आणि 320-350 अंशांवर ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात हे मीठ हवेतलं पाणी ओढतं, मग भट्टीत तडतडून उडतं. आधी ओव्हनमध्ये नीट सुकवा. स्लाइडही थेट बुडवू नका, आधी मिठाच्या वर धरून तापू द्या, नाहीतर तडकेल.

रंगाची कटकटच नको असेल तर पोटॅशियम नायट्रेट घ्या, साधारण 400 अंशांवर. पोटॅशियम सोडियमपेक्षा मोठा, तिघांच्या बाकावर लोकलमध्ये चौथा बसावा तसा दाटीने बसतो. मोबाइलची काच याच दाबामुळे कणखर होते. अपवर्तनांक मात्र जेमतेम 0.009 ने वाढतो. सिंगल मोडला (प्रकाश एकाच आकृतिबंधात जाणाऱ्या वेव्हगाइडला) तेवढा पुरतो, आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी तरी हाच मार्ग सुचवेन.

वितळलेल्या नायट्रेटजवळ कागद, कापूस, अल्कोहोल काहीही आणू नका, भडका उडतो. आणि चांदीचं उरलेलं मीठ बेसिनमध्ये ओतू नका.